नाताळचें जेवण आणि स्वयंपाकघरांतील फजिती

ख्रिस्ती कुटुंबासाठीं पाठ. वाचावयाचे उतारे : नहेम्या ८:९–१२, लूक १०:३८–४२, लूक १४:१२–१४, योहान २:१–११.



नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांत तीन प्रश्न ऐकूं येतात : गाणीं कोणतीं बसवावयाचीं, मुलांस कपडे कोठून आणावयाचे, आणि जेवणाला काय करावयाचें? पहिल्या दोहोंविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. तिसऱ्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं, कारण चूल हा विषय धर्मपत्रास शोभत नाहीं असें कित्येकांस वाटतें. परंतु सणाचें कर्ज बहुधा चुलीसाठींच काढलें जातें, आणि सणाच्या दिवशींचे कडू शब्दही पुष्कळदां चुलीपाशींच बोलले जातात. भात करपला, करंजी फुटली, रस्सा खारट झाला, कीं ज्या घरीं शांतीच्या राजाचें स्वागत व्हावयाचें तेथेंच शांती उरत नाहीं. म्हणून ह्या जेवणाच्या चाली कोठून आल्या, त्यांत फजिती कां होते, आणि ती झाली असतां ख्रिस्ती घरानें कसें वागावें, ह्याचा आज विचार करूं.

१. इंग्लंडचें ताट

पुस्तकांत व कार्डांवर नाताळच्या मेजवानीचें जें चित्र आपण पाहतों तें मुख्यतः इंग्लंड देशाचें आहे. मेजाच्या मध्यभागीं भाजलेलें मोठें पांखरूं, भोंवतीं बटाटे व भाज्या, आणि शेवटीं काळसर, गोल, वाफाळलेलें पुडिंग. हें पांखरूं पूर्वीं पुष्कळ घरीं गूस असे. गूस म्हणजे हंसाच्या जातीचें, बदकाहून मोठें असें पाळीव पांखरूं. टर्की हें त्याहूनही मोठें. तें मूळचें अमेरिका खंडांतलें. स्पॅनिश लोकांनीं तें सोळाव्या शतकाच्या आरंभीं मेक्सिकोकडून यूरोपांत नेलें. इंग्लंडांत १५७३ सालीं टॉमस टसर नांवाच्या शेतकरी कवीनें नाताळचे पदार्थ सांगितले आहेत, त्यांत टर्कीचें नांव येतें. तरी सामान्य कुटुंबांत टर्की सर्रास दिसूं लागण्यास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें.

पुडिंगाची गोष्ट अधिक मौजेची आहे. त्यास प्लम पुडिंग म्हणतात, पण त्यांत प्लम हें फळ नसतें. जुन्या इंग्रजींत मनुकांसही तेंच नांव होतें. आरंभीं तो पदार्थ पुडिंगही नव्हता. मांसाच्या रश्श्यांत सुका मेवा, पावाचा चुरा व मसाले घालून केलेली ती दाट पेज असे. हळूहळू मांस गेलें व चरबी तेवढी राहिली. आणि पीठ, अंडीं, मनुका व मसाले एकत्र करून कापडांत बांधून उकडण्याची चाल पडली. आगमनकाळापूर्वींच्या रविवारीं, म्हणजे सणाच्या सुमारें पांच आठवडे आधीं, तें करून ठेवीत. त्या रविवारच्या प्रार्थनेच्या आरंभीं चेतविणें किंवा ढवळणें अशा अर्थाचा इंग्रजी शब्द येतो, म्हणून लोक त्यास ढवळण्याचा रविवार म्हणूं लागले. त्या दिवशीं घरांतील थोरामोठ्यांपासून लेकरांपर्यंत प्रत्येकानें पळी एकदां फिरवावी अशी रीत होती. कित्येक घरीं ख्रिस्त व त्याचे बारा प्रेषित ह्यांच्या स्मरणार्थ तेरा जिन्नस घालीत. आंत एक लहान रुप्याचें नाणेंही टाकीत. तें ज्याच्या वांट्यास येई तो भाग्यवान. १९२७ सालीं ब्रिटिश साम्राज्याचा माल खपावा म्हणून राजा पांचवा जॉर्ज ह्याच्या आचाऱ्याची पुडिंगाची कृति प्रसिद्ध करण्यांत आली. तींत मनुका ऑस्ट्रेलियाच्या होत्या, आणि मसाला आपल्या हिंदुस्थानचा होता.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. हें ताट थंड हवेनें, समुद्रावरील व्यापारानें आणि बाजारानें घडविलें. तें बेथलेहेमांतून आलेलें नाहीं.

२. मेजवानीवर बंदी

एके काळीं ह्याच इंग्लंडांत नाताळच बंद करण्यांत आला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. प्युरिटन पंथाच्या लोकांचें म्हणणें असें होतें कीं, पवित्र शास्त्रांत ह्या सणाची आज्ञा नाहीं, आणि खाण्यापिण्याचा धिंगाणा तेवढा दिसतो. १६४७ सालीं त्यांच्या पक्षाच्या पार्लमेंटानें सण रद्द केला. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरास कँटरबरी शहरांत दुकानें उघडीं ठेवण्यावरून दंगल झाली. १६६० सालीं राजसत्ता परत आली तेव्हां सणही परत आला. तिकडे अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६५९ सालीं कायदा केला कीं, जो कोणी मेजवानी करून हा दिवस पाळील त्यास पांच शिलिंग दंड व्हावा. हा कायदा १६८१ सालीं रद्द झाला. तरी सणाची सुट्टी त्या प्रांतांत १८५६ सालीं मिळाली. स्कॉटलंडांत तर ती १९५८ सालीं मिळाली.

ह्याचा आपल्याशीं खरा संबंध आहे. १८१३ सालीं मुंबईस आणि १८३१ सालीं अहमदनगरास ज्या अमेरिकन मिशनचें काम सुरू झालें, त्या मिशनचें मूळ त्याच न्यू इंग्लंड भागांत होतें. त्याच्या पहिल्या पिढींतील पुष्कळ मिशनऱ्यांच्या माहेरच्या मंडळ्यांत नाताळची मेजवानी करण्याची चाल फारशी नव्हती. मुंबई-पुण्यांत काम केलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या देशाचीही तीच गोष्ट. तरी त्यांच्या विश्वासांत कांहीं उणें होतें असें कोण म्हणेल? म्हणून ज्याच्या घरीं मोठें जेवण होतें तो अधिक ख्रिस्ती नव्हे, आणि ज्याच्या घरीं नुसती भाकर व आमटी होते तो कमी ख्रिस्ती नव्हे. मेजवानी ही चाल आहे. ती आज्ञा नव्हे. चाल आनंदासाठीं पाळावी. तिच्यासाठीं सावकाराच्या दारीं जाऊं नये.

३. गरिबाचें पांखरूं

आतां कोणी म्हणेल, गरिबानें मग गोड घांस खाऊंच नये कीं काय? तसें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील मजुरांनीं ह्यास एक उपाय काढला. आठवड्यास थोडे थोडे पैसे ते एके ठिकाणीं भरीत, आणि नाताळाच्या वेळीं प्रत्येकास एक गूस मिळे. ही आपल्याकडील भिशीच म्हणावयाची. ह्या भिशा पुष्कळदां दारूच्या गुत्त्यांतून चालत, हा त्यांतील दोष होता. परंतु सणानंतर फेडण्यापेक्षां सणापूर्वीं सांठविणें हें शहाणपण त्यांत होतें.

पांखरूं मिळालें तरी तें भाजावयाचें कोठें? गरिबांच्या पुष्कळ घरीं उघडी शेगडी असे, भट्टी नसे. म्हणून ते आपलें पांखरूं पाववाल्याच्या दुकानीं नेत व थोडे पैसे देऊन त्याच्या भट्टींत भाजून आणीत. चार्ल्स डिकन्स ह्यानें १८४३ सालीं लिहिलेल्या नाताळच्या प्रसिद्ध कथेंत क्रॅचिट नांवाच्या गरीब कारकुनाचें कुटुंब असेंच करतें. त्यांचें पुडिंग कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्यांत शिजतें, आणि झांकण काढतांच घरांत धुण्याच्या दिवसाचा वास सुटतो. पुडिंग काढावयास आई एकटीच जाते. कारण तें कच्चें निघेल कीं काय, उलटतांना मोडेल कीं काय, ह्या भीतीनें तिला तेथें कोणी साक्षीदार नको असतो.

ह्या ठिकाणीं थोडें थांबावें. एवढी भीति कशाची? पुडिंग मोडल्यास कोणी उपाशी मरणार नव्हतें. भीति होती ती वर्षभर सांठविलेल्या आशेची, आणि आपल्या माणसांच्या डोळ्यांतील निराशेची. पुडिंग चांगलें निघालें; पण इतक्या माणसांस तें लहान आहे, असें त्या घरांत कोणी बोललें नाहीं. सगळ्यांनीं तिची वाहवा केली. त्या घरची खरी श्रीमंती ती होती.

४. पुडिंग कां फुटतें आणि पांखरूं कच्चें कां राहतें?

फजिती दैवानें होते असें नाहीं. तिला कारणें असतात. पुडिंगाचें कापड आधीं उकळत्या पाण्यांतून काढून त्यावर पीठ भुरभुरावें लागतें. न केल्यास पाणी आंत शिरतें व पुडिंग चिकटतें. गांठ फार घट्ट बांधली तर पीठ फुगण्यास जागा राहत नाहीं व तें फुटतें. फार सैल बांधली तर तें विसकटतें. पाण्याची उकळी मध्येंच बंद पडली तर तें गिचका होतें. आणि पाणी आटलें तर तळ जळतो. म्हणून कित्येक तासांच्या शिजण्यांत वरचेवर आधणाचें पाणी घालावें लागतें. आपल्या बायकांस हें नवें वाटणार नाहीं. पिठाचें प्रमाण चुकलें म्हणजे अनारसा तुपांत हसतो. मोहन जास्त झालें म्हणजे शंकरपाळे तेलांत विरघळतात. कडा नीट मिटली नाहीं म्हणजे करंजी उकलते व सारण तेलांत जळतें. देश निराळे, पण चुलीचे नियम तेच.

टर्कीची फजिती निराळी आहे. एवढें मोठें पांखरूं बाहेरून तांबूस दिसतें, पण आंत हाडापाशीं कच्चें असतें. विशेषतः बर्फांत गोठविलेलें पांखरूं पुरतें न वितळतां भट्टींत घातलें तर असें होतें. शीतकपाटांत तें वितळण्यास दर सवादोन किलोमागें सुमारें एक दिवस लागतो. आणि मांसाच्या सर्वांत जाड भागाची उष्णता ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याशिवाय तें निर्धोक होत नाहीं. अमेरिकेंत ह्या चुका इतक्या होतात कीं, टर्की विकणाऱ्या बटरबॉल नांवाच्या कंपनीनें १९८१ सालापासून सणाच्या दिवसांत दूरध्वनीवर सल्ला देण्याची सोय केली आहे. गोठलेलें पांखरूं उकळत्या तेलांत सोडणें हा तर अपघातच होय. बर्फाचें पाणी व पाण्याची वाफ एका क्षणांत होते. वाफ पाण्याच्या शेंकडों पट जागा व्यापते. तेल उसळून विस्तवावर पडतें व आग लागते.

आणि कधीं कधीं चूक कोणाचीच नसते. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स ह्याच्या रोजनिशींत १६६२ च्या नाताळाची नोंद आहे. पत्नीची प्रकृति बरी नसल्यामुळें घरीं सणाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, झाला नाहीं. त्यानें तो बाहेरून मागविला, आणि दोघांचा नाताळ पार पडला.

५. मोज्यांतलें पुडिंग

सर्वांत लहान नाताळच्या जेवणाची एक खरी गोष्ट आहे. १९०२ सालच्या डिसेंबरांत कॅप्टन स्कॉट, शॅकल्टन व डॉक्टर विल्सन हे तिघे दक्षिण ध्रुवाच्या दिशेनें बर्फावरून चालत होते. शिधा तोकडा होता. भुकेनें त्यांस झोंप येत नसे. आणि स्कर्व्ही ह्या रोगाचीं चिन्हें दिसूं लागलीं होतीं. नाताळच्या दिवशीं शॅकल्टनानें आपल्या सामानांतून एक स्वच्छ मोजा काढला. त्यांत त्यानें सणासाठीं लपवून आणलेलें प्लम पुडिंग होतें, क्रिकेटच्या चेंडूएवढें! तें त्यांनीं ऊन केलें व तिघांनीं वांटून खाल्लें. विचार करा. वाटेंत उपासमार होत असतां तो मनुष्य तें एकटाच खाऊं शकला असता, आणि कोणास कळलेंही नसतें.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांत १९४० सालीं शिधावांटप सुरू झालें व तें १९५४ पर्यंत टिकलें. त्या वर्षांत गूस मिळत नसे, तेव्हां गृहिणी मसुरीचा किंवा बटाट्यांचा नकली गूस करीत, आणि साखर पुरावी म्हणून पुडिंगांत गाजर किसून घालीत. त्या पदार्थांस कोणी राजाचें जेवण म्हटलें नाहीं. परंतु नाताळ झाला.

६. आपली चूल

आपल्याकडे नाताळास घरोघरीं करंज्या, लाडू व शंकरपाळे होतात. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून दोदोल, नेवऱ्या व बेबिंक ह्यांचें ताट शेजाऱ्यांकडे जातें. मंडळीचें प्रीतिभोजन असलें म्हणजे मोठीं पातेलीं चढतात. ह्या सर्वांसाठीं पुढील सूचना उपदेशकांनीं सभेंत वाचून दाखवाव्यात.

पहिली : कढईंत ओलें भांडें, ओला झारा किंवा पाणी पडूं देऊं नये. तेलानें पेट घेतल्यास पाणी मुळींच ओतूं नये. पाण्यानें आग भडकते. विस्तव बंद करतां आल्यास करावा, कढईवर झांकण सरकवावें, आणि कढई उचलून नेऊं नये.

दुसरी : कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत चिंच, टोमॅटो किंवा ताक घातलेला पदार्थ करूं नये व ठेवूं नये. तो कळकतो व खाणाऱ्यांस ओकाऱ्या होतात. भाड्यानें आणलेलीं भांडीं आधीं पाहून घ्यावीं.

तिसरी : रात्रीं शिजविलेलें मांस व भात मोठ्या पातेल्यांत तसेंच ठेवून दुसऱ्या दिवशीं वाढणें धोक्याचें आहे. मोठें पातेलें आंतून तासन्‌तास कोमट राहतें, आणि त्या कोमटपणांत रोगजंतु वाढतात. भातांतील जंतूंचें विष तर पुन्हां ऊन केल्यानेंही जात नाहीं. शक्य तर त्याच सकाळीं शिजवावें व दोन तासांच्या आंत वाढावें. उरलेलें ठेवणें झाल्यास पसरट भांड्यांत लवकर थंड करून शीतकपाटांत ठेवावें. ती सोय नसल्यास गरम असतांनाच वांटून टाकावें.

चवथी : कच्चें मांस व कोंबडी ह्यांची सुरी, पाट व हात धुतल्यावांचून कोशिंबिरीस लावूं नयेत.

७. ह्या सर्वांतून काय शिकावें?

काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस संपला. ही स्वयंपाकघरांतलीच फजिती होती, आणि त्या काळीं यजमानास ती मोठी लाज होती. प्रभूच्या आईनें ती पाहिली, पण चार लोकांत बोभाटा केला नाहीं. ज्याच्या हातीं उपाय होता त्याच्यापाशीं ती गेली. प्रभूनेंही यजमानास बोल लावला नाहीं. पुष्कळ पाहुण्यांस कांहीं उणें पडलें होतें हें कळलेंही नसावें. घराची लाज झांकून त्यानें आपल्या चिन्हांचा आरंभ केला. मग आपल्या घरीं भात करपला असतां आपण पाहुण्यांदेखत कोणास बोलतों, हें कोणाचें अनुकरण?

मार्थेविषयींही बोलतांना जपावें. प्रभूनें तिला स्वयंपाक केल्याबद्दल बोल लावला नाहीं. तिच्या काळजीची व दगदगीची त्याला कींव आली. ज्या घरीं एक बाई पहांटेपासून चुलीपाशीं असते आणि बाकीचे सगळे मंदिरांत गाणीं गाऊन परत येऊन ताटावर बसतात, तेथें दोष मार्थेचा कीं घरच्या मंडळींचा? इंग्लंडांतील पुडिंगाची पळी सगळ्यांनीं फिरवावयाची असे. ही चाल आपण खुशाल घ्यावी. पुरुषांनीं पाणी भरावें, लांकडें फोडावीं, भांडीं घांसावीं. आणि उपासनेच्या वेळीं चुलीपाशीं कोणीही एकटें राहूं नये.

शेवटीं, नहेम्याच्या काळीं लोकांस सांगण्यांत आलें तें आठवावें : सण करा, पण ज्याच्या घरीं कांहीं सिद्ध केलेलें नाहीं त्याला वांटा पाठवा. हीच नाताळच्या जेवणाची खरी कृति आहे. इतर जिन्नस चुकले तर चालेल. हा चुकला तर ताट भरलेलें असूनही रितें आहे. आपल्या गांवांत विधवा आहे, आजारी मनुष्य आहे, ऊसतोडीस आलेलें परगांवचें कुटुंब आहे. त्यांचा वांटा आधीं काढून ठेवावा, मग आपलीं ताटें वाढावीं. करंजी फुटकी असली तरी हरकत नाहीं. द्रोण झांकून, हंसतमुखानें नेऊन द्यावी.

चर्चेसाठीं प्रश्न

१. नाताळचें जेवण चाल आहे कीं आज्ञा? कशावरून?
२. आपल्या मंडळींत गेल्या नाताळासाठीं किती घरांनीं कर्ज काढलें असेल? ह्या वर्षीं भिशी कोणत्या महिन्यापासून सुरू करतां येईल?
३. कानाच्या लग्नांत मरीयेनें काय केलें, आणि काय केलें नाहीं?
४. प्रीतिभोजनाच्या दिवशीं चुलीचें काम कोणकोण वांटून घेतील? नांवें आजच ठरवावीं.
५. आपल्या गांवांत कोणाच्या घरीं कांहीं सिद्ध केलेलें नसेल? त्यांच्याकडे वांटा कोण नेईल?